तारीख नसलेलं थांबणं

पत्र धाराशिव जिल्ह्यातल्या एका आईचं आहे, वय सत्तावीस. मुलगी साडेपाच महिन्यांची, वजन पाच किलो आठशे ग्रॅम. दीड महिन्याच्या डोसाला नेलं तेव्हा डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला. सोलापुरात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली आणि ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ असं जन्मजात हृदयदोषाचं निदान कागदावर आलं. मागच्या महिन्यात एका सकाळी रडता रडता बाळ निळंजांभळं पडलं, मान टाकली आणि दहाएक मिनिटांनी आपसूक सावरलं. मुंबईच्या सर्जननी औषध सुरू केलंय आणि महिना-दीड महिन्यात ऑपरेशन करू, असं सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं असं की एवढ्याशा जिवाची छाती कशाला फाडायची? वजन वाढू दे, जावळ होऊ दे, दोन वर्षांची झाली की बघू. शेजारच्या मुलाच्या हृदयातलं छिद्र नाही का आपोआप बुजलं? शिवाय मुलीची जात, छातीवरचा व्रण जन्मभर राहणार. पती दोघींचंही ऐकतात आणि गप्प बसतात. पत्रातला शेवटचा प्रश्न आहे, “थोडं थांबलो तर काही बिघडत नाही ना?”

---

तुमचं पत्र चार पानांचं आहे. ग्रहणाची गोष्ट चौथ्या पानावर, समासात, बारीक अक्षरांत लिहिली आहे: सातव्या महिन्यात ग्रहण होतं, घरात कोणी बघत नव्हतं, तुम्ही गवार निवडून चिरली. मी तिथूनच सुरू करते, कारण पहिली तीन पानं त्या समासातल्या ओळींच्या वजनाखाली लिहिली आहेत असं मला वाचताना वाटत राहिलं.

बाळाचं हृदय गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात बनायला लागतं आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्यातल्या भिंती बांधून झालेल्या असतात. पाळी चुकली म्हणून बाई औषधाच्या दुकानातून किट आणते तेव्हा हे काम सुरूसुद्धा झालेलं असतं. तुम्ही गवार चिरलीत त्या दिवशी तुमच्या लेकीच्या हृदयातला दोष पाच महिन्यांचा जुना होता. हे तुमची समजूत घालायला सांगत नाही, हिशेब सांगते आहे. बत्तीस वर्षं तालुक्याच्या गावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काढली. या आजाराच्या बाळांच्या आयांनी मला ग्रहण, पपई, जिन्यावरून घसरणं, नणंदेशी झालेलं भांडण अशी कारणं सांगितली आहेत. एकाही बापाने स्वतःचं काही कारण सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता आजार. कागदावर चार दोष लिहिलेत म्हणून तुम्ही ‘चार-चार ठिकाणी बिघाड’ असं लिहिलंत. खरं तर मूळ चूक एकच असते. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात, एक फुप्फुसांकडे जाते आणि दुसरी, महाधमनी, सगळ्या अंगाकडे. त्यांच्या तोंडाशी जी भिंत असते ती जराशी पुढे सरकून बसली. गवंड्याने एखादी भिंत हातभर पुढे घेतली की पलीकडचा बोळ अरुंद होतो आणि अलीकडे भिंतीचा मेळ न बसून भगदाड राहतं, तसंच हे. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद झाली. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात मोठं छिद्र राहिलं. महाधमनी त्या छिद्राच्या डोक्यावर, दोन्ही कप्प्यांवर पाय टाकून बसली. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याचा स्नायू जाड झाला. फ्रान्समधल्या मार्सेयच्या डॉक्टर फॅलोंनी १८८८ साली हे चौकडं नीट मांडलं म्हणून त्यांचं नाव. आमच्या बोलण्यात मात्र ते नुसतं ‘टॉफ’ असतं, वॉर्डात तुम्हाला तोच शब्द ऐकू येईल.

हे एवढं लांबण लावलं त्याला कारण आहे. शेजारच्या मुलाचं छिद्र बुजलं हे अगदी खरं असेल. पडद्याच्या स्नायूतली लहान छिद्रं वाढत्या वयात बुजतात, मी स्वतः अशी कितीतरी मुलं नुसती तपासत राहून मोठी होताना पाहिली. तुमच्या लेकीचं छिद्र भिंत सरकल्यामुळे राहिलेलं आहे, त्याच्या दोन कडा समोरासमोरच नाहीत. ते बुजत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अडथळा छिद्राचा नाही, अरुंद वाटेचा आहे. ती वाट वयाबरोबर बहुतेक मुलांत अधिकच आवळत जाते. सासूबाईंनी पाहिलेला आजार आणि तुमच्या घरातला आजार यांना लोक एकाच नावाने ओळखतात, ‘हृदयाला छिद्र’. सगळा घोळ त्या नावाचा आहे.

वजनाचंही तसंच. ‘वजन वाढू द्या’ हे डॉक्टरच कधीकधी सांगतात, पण ते बहुधा दुसऱ्या प्रकारच्या बाळांना. मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसात रक्ताचा लोंढा जातो, बाळ दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, वाळत जातं. तिथे वजनाची लढाई असते. टॉफची बाळं बऱ्यापैकी बाळसं धरतात. तुम्हीच लिहिलंय की बघणाऱ्याला ती आजारी वाटतच नाही. या आजारात तेच फसवतं. पाच किलो आठशे हे आजच्या घडीला या ऑपरेशनसाठी लहान वजन नाही.

लहान म्हणजे किती, त्याची एक गोष्ट सांगते. २९ नोव्हेंबर १९४४ ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात याच आजाराच्या एका मुलीवर पहिल्यांदा शस्त्रक्रिया झाली. ती पंधरा महिन्यांची होती आणि वजन जेमतेम चार किलो. कल्पना हेलन टाउसिग या बाल-हृदयरोगतज्ज्ञ बाईंची, हात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे. आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाका कुठे, कसा हे सांगणारे व्हिव्हियन थॉमस, जे डॉक्टर नव्हते. ते कृष्णवर्णीय होते, प्रयोगशाळेत मदतनीस होते, आणि प्राण्यांवर ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली होती. हाताकडे जाणारी एक रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडून त्यांनी रक्ताला आडवाट काढून दिली. मुलीचा रंग सुधारला, पण काही महिन्यांनी ती गेली. हेही सांगायला हवं, कारण पुढच्या मुलांचा मार्ग तिच्यावरून गेला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून हा दोष आतून पहिल्यांदा दुरुस्त केला. भरवशाचं हार्ट-लंग मशीन त्यांच्या हाताशी नव्हतं, म्हणून ते मुलाच्या रक्ताभिसरणाला दुसऱ्या धडधाकट माणसाचं रक्ताभिसरण जोडत, पुष्कळदा आईचं किंवा बापाचं. बाप शेजारच्या टेबलावर झोपलेला, आणि त्याचं हृदय दोघांसाठी चालतंय. आज ते काम मशीन करतं. बापाने ओपीडीत येऊन शेजारी बसावं, एवढीच अपेक्षा उरली आहे. तुमच्या घरातल्यांना हे वाचून दाखवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ‘थांबलो तर काही बिघडत नाही ना’ या वाक्यात असं गृहीत आहे की ऑपरेशन म्हणजे जोखीम आणि थांबणं म्हणजे जोखीम नसणं. थांबण्याची जोखीम संमतीपत्रावर सही करून घेऊन कोणी सांगत नाही, म्हणून ती दिसत नाही इतकंच. शस्त्रक्रिया नव्हती त्या काळच्या नोंदी सांगतात की या आजाराच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा पहिल्या वर्षातच जायचा, आणि दहा वर्षांपर्यंत शंभरातली सत्तर. अनुभवी केंद्रात आज संपूर्ण दुरुस्तीच्या ऑपरेशनमध्ये दगावण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन किंवा त्याहूनही कमी आहे. सासूबाईंची भीती खोटी नाही, शंभरात दोन ही दोन घरं असतात. पण तुलना दोन जोखमींची करायची आहे.

तरीही थांबणं नेहमीच चूक, असं मी म्हणणार नाही. निळं पडण्याचा झटका न आलेल्या, ऑक्सिजन बऱ्यापैकी असलेल्या बाळाला सर्जन स्वतःच सहा महिने ते वर्ष या वयापर्यंत थांबवतात. काही ठिकाणी त्याहून लवकर करतात, ती त्या केंद्राची पद्धत. त्या थांबण्याला तारीख असते, मधल्या तपासण्या असतात, आणि झटका आला तर तारीख अलीकडे येईल हे ठरलेलं असतं. ‘जावळ झाल्यावर बघू’ याला यातलं काहीच नाही. आणि तुमच्या लेकीला झटका येऊन गेलाय, म्हणजे तिची पाळी आधीच अलीकडे आली आहे.

झटक्याबद्दल जरा सविस्तर, कारण ऑपरेशनपर्यंतचे दिवस तुम्हालाच काढायचे आहेत आणि हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी असं बाळ असेल. पुष्कळ घरांत याला फेफरं समजतात आणि कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. हे फेफरं नव्हे. आधीच अरुंद असलेली ती वाट रडण्याने, तापाने, पाणी कमी पडल्याने अचानक आणखी आवळते, फुप्फुसाकडे रक्त जाईनासं होतं आणि काळंनिळं रक्त थेट अंगात फिरतं. सकाळी उठल्यावर, शी करताना, सुई टोचताना हे जास्त होतं. बाळाला उचला, दोन्ही गुडघे पोटावरून छातीकडे दाबून धरा, पाठीवर निजवून किंवा खांद्याशी घेऊन, आणि शांत करा. गुडघे दुमडले की पायांकडे जाणारं रक्त अडतं, अंगातला दाब वाढतो आणि रक्त नाइलाजाने फुप्फुसांच्या वाटेला वळतं. मोठी टॉफची मुलं खेळता खेळता उकिडवी बसतात ती याचसाठी, त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. तोंडात पाणी घालू नका. आणि सावरली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मागच्या वेळी दहा मिनिटांत सावरली म्हणून तुम्ही दोन दिवसांनी फोन केलात, तसं पुन्हा नको.

औषध, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, चुकवू नका, आणि उपाशीपोटी देऊ नका, कारण बाळ दूध घेत नसेल तर त्याने साखर उतरू शकते. जुलाब-उलट्या झाल्या तर घरी वाट पाहू नका. लसी सगळ्या वेळेवर. रक्त तपासून घ्या: तिचं हिमोग्लोबिन ११ आलं तर गावात ‘छान आहे’ म्हणतील, पण निळ्या बाळाच्या मानाने ते कमीच असतं, आणि लोह कमी असलं की झटके वाढतात.

पर्याय किती आहेत? सरळ संपूर्ण दुरुस्ती: छिद्रावर पॅच, अरुंद वाटेतला जादा स्नायू कापून वाट मोठी करणं. किंवा फुप्फुसाच्या वाहिन्या फारच बारीक असतील तर आधी शंट, म्हणजे १९४४ च्या त्या आडवाटेचंच आजचं रूप, तीन-चार मिलिमीटरची कृत्रिम नळी, किंवा जांघेतून तार घालून अरुंद जागी स्टेंट, आणि मोठं ऑपरेशन काही महिन्यांनी. दोन टप्प्यांत म्हणजे सोपं, असं समजू नका. शंट गोठून बंद पडू शकतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या इकोच्या कागदावर फुप्फुसाच्या वाहिन्या चांगल्या आहेत असं लिहिलंय, म्हणून सर्जन एकाच टप्प्याचं बोलत असावेत. पण हा निर्णय त्यांचा. माझ्यासारखीने पत्रावरून देऊ नये.

त्यांना विचारायचे प्रश्न मात्र मी देऊ शकते, आणि ते वहीत लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर सगळं विसरायला होतं. वर्षाला अशी किती ऑपरेशनं इथे होतात, आणि त्यातली एक वर्षाच्या आतली किती? लहान मुलांचं वेगळं आयसीयू आहे का? फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीच्या तोंडाशी असलेली झडप वाचवता येईल की तीही कापून पॅच लावावा लागेल? बावीस नंबरच्या गुणसूत्राची तपासणी करायची का? टॉफच्या काही मुलांत त्या गुणसूत्राचा तुकडा कमी असतो. मग कॅल्शियम उतरतं, संसर्ग लवकर होतात, आणि ऑपरेशनसाठीचं रक्तसुद्धा वेगळ्या प्रक्रियेचं लागतं, म्हणून हे आधी कळलेलं बरं.

झडपेचा प्रश्न यातला सगळ्यात मोठा. तुम्ही लिहिलंय, ‘एकदा झालं की पूर्ण बरी होईल ना?’ ती शाळेत जाईल, धावेल, मोठी होईल, पुढे तिला मुलंही होऊ शकतील. पण टॉफ दुरुस्त होतो, पुसला जात नाही. झडप कापावी लागली तर रक्त थोडं मागे गळत राहतं, उजवा कप्पा हळूहळू फुगतो, आणि पुष्कळांना तरुणपणी नवी झडप बसवावी लागते. ठोक्यांचे घोटाळे कधीकधी वीस वर्षांनी डोकं वर काढतात. दर वर्षी इको, अधूनमधून ईसीजी, दातांची काळजी. माझ्याकडे एक मुलगा लहानपणीच्या ऑपरेशननंतर थेट एकविसाव्या वर्षी आला, धाप लागते म्हणून. घरच्यांनी फाइल माळ्यावर टाकली होती. ‘आता तो बरा झाला ना’, असं त्याची आई म्हणाली.

पैशांचं. मुंबईचं नाव काढलं की घर विकायला लागेल असं तुमच्या दिरांनी म्हटलंय, तर आधी अंगणवाडीताईंना भेटा. २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याच मुलांसाठी आहे. त्याचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण तुम्ही त्याची वाट बघत बसू नका, जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. तिथून संदर्भपत्र मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, आणि योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्डावर बाळाचं नाव अजून चढवलं नसेल तर आजच अर्ज द्या. या एका कागदावाचून लोक आठ-आठ दिवस अडकलेले मी पाहिलेत. मुंबईत केईएम आणि परळचं वाडिया, आणि नवी मुंबईत खारघरचं श्री सत्य साई संजीवनी, जिथे मुलांची हृदयाची ऑपरेशनं विनामूल्य होतात, अशी ठिकाणं आहेत. रांग असते, म्हणूनही लवकर नाव लावायचं. योजनेत न बसणारा खर्च गाडीभाड्याचा, खोलीचा आणि बुडालेल्या रोजाचा असतो. त्यासाठी वीस-तीस हजार बाजूला असू द्या.

व्रणाबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण मला त्या मुद्द्याचा राग येतो. छातीच्या मधोमध एक उभी रेघ राहील, वर्षा-दोन वर्षांत फिकी होईल. मुलगा असता तर हा प्रश्न पत्रात आला असता का, ते तुम्हीच बघा.

पण राग मुद्द्याचा आहे, सासूबाईंचा नाही. त्यांनी तुळजापूरला नवस बोललाय, रोज मीठमोहरीने दृष्ट काढतात, बाळाला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. ज्या बाईचा जीव त्या बाळात इतका अडकलाय तिला तुम्ही विरोधी पक्ष का समजता? तुम्ही आणि तुमचे पती डॉक्टरांकडून ऐकून येता आणि घरी त्यांना निकाल सांगता, म्हणून त्या अडून बसतात. पुढच्या वेळी त्यांनाच बरोबर न्या. इकोच्या पडद्यावर ती अरुंद वाट त्यांना दाखवा म्हणावं. आणि ओपीडीच्या बाकावर ऑपरेशन होऊन तपासणीला आलेली मुलं बसलेली असतात. तिथल्या एखाद्या आजीशी त्यांची गाठ पडली की तुम्ही आणि मी मिळून जे सांगू शकत नाही ते ती पाच मिनिटांत सांगेल. पतींना मात्र एकटं गाठून सरळ विचारा: तुम्हाला भीती कशाची वाटते, पैशांची, आईची की बाळ जाण्याची? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि ते गप्प आहेत तोवर तुम्ही चुकीच्या भीतीला उत्तर देत राहाल.

दुसऱ्या मुलाचंही विचारलंय. घाई नको, पण भीतीही नको. पुढच्या भावंडात हृदयदोष असण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास असते, गुणसूत्राचं कारण निघालं तर हिशेब बदलतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, फीटल इको, करून घ्या.

आणि ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंत की ऑपरेशनच्या सकाळी दूध कधी बंद करायचं. अंगावरचं दूध साधारण चार तास आधी, वरचं सहा तास आधी, नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील. टॉफच्या बाळाला उपाशी फार वेळ ठेवायचं नसतं, म्हणून सकाळचा पहिला नंबर मागा, आणि उशीर होणार असेल तर सलाइन लावायला सांगा. त्या चार तासांत ती भुकेने रडेल, आणि रडणं तर टाळायचंय. तुम्ही तिला जवळ घेऊ नका, तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो, ती जास्तच रडेल. तेवढा वेळ ती आजीच्या खांद्यावर राहू दे. गुडघे वर दुमडून कसं धरायचं, ते त्यांना आजपासूनच शिकवून ठेवा.